आडवी रेघ

चांदा, १२ जानेवारी १९५५

आजही तेच. पेन उभी रेघ नीट ओढतं, पण अक्षरांवरची आडवी रेघ आली की कोरडं पडतं. निब कोमट पाण्यात धुतली, फटीतून ब्लेड फिरवलं, पाटीवर घासली. बोटं निळी झाली, आडवी रेघ तुटकीच. शेवटी बायकोवर डाफरलो, पेन पाडलंस का म्हणून. ती म्हणाली, “माह्या हातात तं नाई अटकत.”

म्हणजे? मी जंगल कचेरीत शाईत बुडवायचा टाक घासत बसतो, तेव्हा ही घरी ठेवलेल्या माझ्या पेनने लिहिते? तर निब हिच्या हाताला वळली. म्हटलं, दाखव या वहीतच लिहून.

जेवाले चला, भात थंडा होऊन राह्यला.

ही ओळ तिची. एकही आडवी रेघ तुटलेली नाही. पेन सासऱ्यांनी मला दिलं होतं, हिला नाही.