निंबाचा झोका

पाचोरा, आखाजीचा आदला दिवस, १९९३

चि. सौ. मंगल,

आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, पण तीन वर्षं मी तुला धुळ्याहून आणवलं नाही. घरात अडचण आहे, असं कळवत राहिले. खरं म्हणजे तुझ्या नानांना शुगर निघाली होती. तू आलीस की मांडे आणि आमरस होणार, आणि नाना काही हात आवरणार नाहीत, याची मला धास्ती.

घरातलं गोड बंद केलं आणि मी निर्धास्त झाले. गोळ्या मात्र त्यांनी सोडल्या, मीही सोडू दिल्या. जळगावचे डॉक्टर म्हणाले, "घासभर गोड चाललं असतं. गोळ्या नव्हत्या सोडायच्या."

आता नानांना दिसत नाही. तुला बोलावलं तर हे सगळं सांगावं लागेल, म्हणून पत्र ट्रंकेतच ठेवते.

आज त्यांनी चाचपडत निंबाला झोका बांधला. फाटक वाजलं की विचारतात, "मंगल उनी का?"

तुझी माय