त्या शब्दात नवरा नव्हता

९ एप्रिल
सेलूत दुपारभर लाईट नाही. काम अर्धवट. पुण्याची कंपनी, माझं टेबल माहेरच्या मागच्या खोलीत. एका जुन्या मुळापासून कुठल्या भाषेत काय उरलं, ते यंत्र मांडतं, मी तपासते. आजचं मूळ: संस्कृत विधवा, लॅटिन विदुआ, रशियन व्दोवा, जर्मन विटवे, इंग्रजी विडो. हजारो वर्षांत इतके कमी झिजलेले शब्द थोडेच. का टिकला, यासाठी तक्त्यात रकाना नाही.
नवऱ्याला, अ.ला, जाऊन दोन वर्षं होतील. त्यालाही रकाना नाही.

११ एप्रिल
धाकट्या भावाच्या, विकासच्या लग्नाची तयारी. आई आणि आत्या घाण्याच्या बायका ठरवत बसल्या. दोन मुसळं एकत्र बांधायची, पाच सवाष्णींनी धरून नवरदेवाची हळद कांडायची. चार घरातल्याच, पाचवी मोंढ्यामागची सुनंदाकाकू. मी समोर वांगी चिरत होते. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू फोटो काढ. तुझा मोबाइल लय चांगला हाय."
काढते म्हटलं. वांगी जरा बारीकच चिरली गेली.

१३ एप्रिल
यंत्राने 'बेवा' बाहेर ठेवला होता. उर्दूतला, म्हणून परका. चूक. फारसीतून आला, पण मूळ तेच. जोडला.
संध्याकाळी आईचा ब्लाउज द्यायला शेजारी शमीमआपाकडे. शिलाईवरच घर चालवतात. स्वतःला बेवा म्हणवतात, अगदी सहज. सांगितलं, तुमचा शब्द आणि माझा शब्द सख्खे आहेत.
"अच्छा? तो फिर हात उप्पर कर."
"का?"
"माप लेतूं. अम्मा का सिया, तेरा नक्को क्या?"
नको म्हणत होते. टेप गळ्याशी आलीच.

१४ एप्रिल
पुण्याहून सरांनी 'विधवा'ची नोंद परत पाठवली. म्हणे, 'वि' अधिक 'धव'. धव म्हणजे नवरा, तो नसलेली ती विधवा. "शाळेपासून सगळ्यांना हेच माहीत आहे."
माहीत आहे, पण उलटं आहे. शब्द आधीचा, अख्खा. अर्थ: वेगळी पडलेली, रिकामी झालेली. नंतर कुणीतरी तो मधोमध तोडला आणि उरलेल्या तुकड्याला नवरा म्हटलं. मुळात त्या शब्दात नवरा नव्हताच. पुरावे जोडून पुन्हा पाठवली.

१६ एप्रिल
पुन्हा परत. "वाद नको, प्रचलित ते ठेवा."
घरीही हेच वाक्य, दुसऱ्या शब्दांत.

१७ एप्रिल
जिंतूरहून मामा आले. मामी जाऊन वर्ष झालं नाही अजून. बोहल्यावर विकासच्या मागे तेच उभे राहणार. कुणी विचारलं नाही, विचारायचं सुचलंही नाही. मामा चांगले आहेत, त्यांच्यावर राग नाही. कुणावर आहे, तेच नीट...
इंग्रजीत बायको गेलेल्या पुरुषाचा शब्द बाईच्या शब्दाला शेपूट जोडून केलाय. त्याच्यासाठी वेगळ्या शब्दाची गरजच उशिरा पडली असावी.
जेवताना विकास: "ताई मुसळाला हात लावणार नसंल तर मला हळदच नको."
आत्या: "नवरदेव रुसला बगा! करवलीचा मान ह्यालाच द्या."
आई ताट सारून उठली. "तिला दुखवायची हौस हाय का मला? तुला काय झालं तर? एकदा बघितलंय मी."
आत गेली. मला तिचा धड रागही करता येत नाही, हा सगळ्यात मोठा वैताग. विकासला नंतर सांगितलं, माझी वकिली करू नकोस. तो म्हणाला, मग तू बोल.

१९ एप्रिल
नोंद तिसऱ्यांदा पाठवली, एक शब्दही न बदलता. उत्तर नाही.
शमीमआपाकडून ब्लाउज आले. दोन. दुसरा माझ्या मापाचा, हिरवा, काठाला बारीक जर. आईने दोन्ही उलगडले, शिवण पाहिली. दुसऱ्याचं काय सांगायचं, मी मनात जुळवत होते.
"हात लय साफ हाय तिचा," एवढंच म्हणाली.

२० एप्रिल
उद्या घाणा. मुसळं धुऊन, आंब्याची पानं बांधून देवघराशी उभी. हिरवा ब्लाउज इस्त्री करून माझ्या कपाटात ठेवलेला. मी ठेवला नाही.
स्वयंपाकघरात आईचा फोन, सुनंदाकाकूला. "सकाळी घाई करू नका. पोरांचं आवरा. नऊला आला तरी चालंल, फराळालाच या."
घाणा आठला आहे. पाचवी सवाष्ण तीच.
फोन ठेवल्यावर तिने मला दारात पाहिलं. ती हळकुंडं निवडायला बसली. मग म्हणाली, "मोबाइल चार्जिंगला लाव."
लावला. नखंही कापून ठेवली. हळद नखांत राहते.