तंबूसाठी हवेशीर जागा

३ मार्च

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागतोय ते माहीत नाही, पण मागितलेली बरी. वर्षारंभापासून रोज लिहिणार होतो, मार्च उजाडला. तंबू शिवत होतो.

सविस्तर लिहून ठेवतो, पुढे वाद नको. मुलगा, सून आणि नात (तिला आम्ही ठमी म्हणतो) गेल्या सुट्टीत आठ दिवसांसाठी आले आणि दुसऱ्याच दिवशी गेले. ठमीच्या अंगावर घामोळं उठलं. आता वाळू आणि चोर दोन्ही आत येतात म्हणून मी खिडक्या लावून घेतो, त्याचा घामोळ्याशी काय संबंध? सुनेला इथलं पाणी मानवत नाही. तेव्हापासून मुलाचा फोन हिलाच, म्हणजे त्याच्या आईलाच येतो. मी विचारतो, माझ्याबद्दल काही म्हणाला का? ही म्हणते, तब्येत विचारली.

वर्षाच्या सुरुवातीला मात्र हिला म्हणाला, यंदा घरी नको. समुद्रावर एखादी चांगली जागा असेल तर तंबू टाकून राहू, ठमीला हौस आहे. नाहीतर येणं कठीण.

म्हणजे काम माझ्यावर सोपवलं, उघड आहे. शाळा सातवीत सुटली, पण जन्मभर ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या आणि माझ्या ताडपत्रीखाली साखरेचं पोतं कधी भिजलं नाही. तंबूही तसाच केलाय. काळी जाड ताडपत्री, दुहेरी शिवण, खाली तळ शिवलेला, एकच दार. हिने विचारलं, खिडकी कुठे आहे? मी म्हणालो, ट्रकला खिडकी असते का? ही म्हणाली, साखर तक्रार करत नाही.

धंद्यातलं बायकांना कळत नाही.

९ मार्च

पहिली जागा. बसच्या शेवटच्या थांब्यापुढची मोठी पुळण. तंबू म्हशीएवढा जड, म्हणून टेम्पो करावा लागला. टेम्पोवाला जुना ओळखीचा, माझ्याकडूनच ताडपत्री शिवून घ्यायचा.

आत बसलो. घामाने चष्मा नाकावरून घसरून पडला. टेम्पोवाला डोकं आत घालून म्हणाला, काका, आत पाव ठेवू का भाजायला? स्वतःच हसला. निदान: वाळू तापते. जागा बाद.

१२ मार्च

सुरूचं बन. दाट सावली. आत तेच. घरचा थर्मामीटर नेला होता. पारा शेवटच्या रेघेपर्यंत गेला आणि तिथेच बसला. थर्मामीटर बिघडला. शिवाय झाडं वारा अडवतात. जागा बाद.

१७ मार्च

टेकडीचं टोक. वारा असा की टेम्पोवाल्याची टोपी गेली ती गेलीच. तंबूच्या आत मात्र सुतळीचं टोक हलेना. बराच वेळ निरीक्षण केलं. या किनाऱ्यावरचा वारा सरळ जातो, आत वळत नाही. हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नसावं. टेम्पोवाला म्हणाला, काका, वाऱ्याने आत यायचं कुठून, तेवढं सांगा. सल्ला द्यायला याचं काय जातंय.

घरी आल्यावर ही म्हणाली, अंगण नेहमी वाकडंच असतं तुमचं.

संकल्प: यापुढे कोणाशी वाद घालायचा नाही.

संध्याकाळी: घातला.

२१ मार्च

पाण्याशेजारी गारवा असतो, हे तत्त्व धरून तंबू अगदी लाटांच्या काठी उभा केला. भरती आली. पाणी दारातून आत शिरलं. पण एक गोष्ट नमूद करतो: आत आलेलं पाणी बाहेर गेलं नाही. थेंबसुद्धा. अशी शिवण आज कोण घालतो? तंबू शेवटी चौघांनी धरून उलटा करावा लागला. शेजारी जाळं सांधत बसलेली बाई म्हणाली, बाबा, आत मासे पाळणार का?

हिला काही सांगितलं नाही. टेम्पोवाल्याने सांगितलं.

२६ मार्च

मुलाचा फोन. हिलाच. शनिवारी येतो, पण जागा जमली असेल तरच. नाहीतर सुनेच्या बहिणीकडे जाणार. मी मागून ओरडलो, जमली! ही फोनवर हात ठेवून म्हणाली, खोटं कशाला बोलता? खोटं कसलं, आगाऊ बोललो.

जेवण गेलं नाही. ठमी मावशीकडे रमली तर पुढच्या वर्षी इकडचं नाव काढणार नाही.

२८ मार्च

सापडली! दीपगृहाखालचा लहानसा किनारा. आज ही स्वतः बरोबर आली. मला लांबवर खुंट्या ठोकायला लावून आपण आत सामान लावत बसली. दुपारी आडवा झालो आणि झोपलो. मी, दुपारी! मंद वारा, इकडून तिकडे. दिशा बरोबर साधली की असं होतं. शास्त्र आहे. हिला म्हणालो, बघितलंस? ही म्हणाली, बघितलं.

मग मुलाला तिनेच फोन लावला. या रे, बाबांचा तंबू छान झालाय, म्हणाली. 'बाबांचा' म्हणाली. मी नीट ऐकलं.

२९ मार्च

भयंकर. तपासणीला गेलो तर तंबूच्या दोन्ही भिंतींना समोरासमोर हातभर चिरा. कात्रीच्या. मला वाटलं, चोर. धावत घरी आलो. ही भाजी चिरता चिरता म्हणाली, मीच कापलं. काल त्याच वाऱ्यात घोरत होतात. मी म्हणालो, तो दीपगृहाचा वारा. ही म्हणाली, काय म्हणायचं ते म्हणा, पण तसंच राहू द्या, हात जोडते. खरोखरच जोडले, सुरीसकट.

पण भोक पडलेली ताडपत्री मुलाला कोणत्या तोंडाने दाखवू? पाऊस आला तर? खेकडे शिरले तर? ठमीला खेकडा चावला तर सून काय म्हणेल? संध्याकाळी जाऊन दोन्हीकडे दुहेरी ठिगळं मारून आलो. हिला सांगितलं नाही. शनिवारी बघेल तेव्हा खूश होईल.

३१ मार्च, शनिवार

आले. सून म्हणाली, कसे आहात बाबा. ठमी उंच झाली आहे. धावत आत गेली. वाळू जाऊ नये म्हणून मी मागून दार लावून घेतलं. लगेच धडपडत बाहेर आली. केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, आजोबा, आत तुमच्या घरासारखंच आहे.

मी म्हणालो, मग! मुद्दाम घरासारखंच केलंय.

कोणी हसलं नाही. मुलगा ठिगळावरून हात फिरवत उभा राहिला. शिवण बघत असावा. मग त्याने हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, मी उघडं ठेवलं होतं रे. एवढंच म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसली.

मुलगा म्हणाला, आम्ही पुढे हॉटेल बघतो. तुम्ही येताय? म्हणजे विचारलं. विचारलं नाही असं मी म्हणणार नाही. मी म्हणालो, तंबूपाशी कोणीतरी पाहिजे ना. तो म्हणाला, बरं.

आणखी एकदा विचारतील असं वाटलं होतं.

४ एप्रिल

हॉटेलातून ते परस्पर गेले. हीसुद्धा. घरातला एकच फोन, तो हिच्याजवळ, म्हणून हिचा निरोप टेम्पोवाल्याकडे आला: मी थोडे दिवस राहून येईन, त्यांच्या गोळ्या कपाटात आहेत. थोडे म्हणजे किती? ते या शहाण्याने विचारलं नाही. चौकशी करायला सुचायला नको माणसाला?

गोळ्या सापडल्या. कोणती सकाळची ते ही सांगायची.

११ एप्रिल

घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं. दीपगृहाची जागाच मुळात बाद. पलीकडे अजून एक पुळण आहे. टेम्पोवाला म्हणाला, काका, आता राहू द्या. पाठीवर हात ठेवला, उगाचच. भाडंही नको म्हणाला. मग पायीच गेलो. तंबू नव्हता बरोबर. नुसता वाळूवर बसलो. काय वारा! चारी बाजूंनी. आजवरची सगळ्यात हवेशीर जागा. तंबू इथेच टाकायचा, ठरलं.

मुलाला कळवायला टेम्पोवाल्याच्या फोनवरून दोनदा लावला. उचलला नाही. कामात असेल. म्हणून इथे लिहून ठेवतो.

बाळा, जागा सापडली आहे. सगळे या. सगळ्यांना जमत नसेल तर ठमीला आण. तेही नसेल तर निदान आईला पाठव. कधी ते लवकर कळव. येत नाही असं असलं तरी कळव, पण लवकर.