पुरुषांच्या दारातून

बाबा, आज दुपारी खुंटीवर उलटी टांगलेली खुर्ची काढून मी तिच्यावर बसलो, आणि तिथंच माझं सगळं बदललं. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो, म्हणून आधी बाकीचं सांगतो. मी जर्मनीत आहे. मास्टर्सला आलो, प्रोफेसरशी भांडलो, कॉलेज सोडलं. चूक त्यांची होती. आता सुतारकामाची आउसबिल्डुंग, म्हणजे इथली उमेदवारी, करतोय. हसू नका. शाळेत तुम्ही सुतारकाम शिकवायचात, त्या वर्गात मला दिलेला छोटा रंधा इथंही माझ्या पेटीत आहे.

आमच्या वर्कशॉपनं कोलोनच्या एका म्युझियमला शेकर लोकांच्या खुर्च्यांच्या नकला करून दिल्या. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून अमेरिकेत गेलेला हा पंथ, पुढारी एक बाई. प्रार्थनेत थरथरायचे, नाचायचे, म्हणून शेकर. सगळं सामाईक, काम हीच पूजा, आणि लग्न अजिबात नाही. पुरुष सगळे भाऊ, बायका सगळ्या बहिणी, दारंसुद्धा वेगळी. खुर्च्या उलट्या टांगायच्या, म्हणजे बैठकीवर धूळ बसत नाही. तुम्हांला हे लोक फार आवडले असते. मला हे सगळं म्युझियममधली एक मुलगी सांगते. ती नाशिकची, शेकरांच्या इतिहासावर पीएचडी करते आणि दर शनिवारी लोकांना प्रदर्शन दाखवते. दर शनिवारी माझ्या खुर्च्यांना काही ना काही दुरुस्ती निघते.

शेकरांची एक रीत होती. भाऊ एका रांगेत, बहिणी समोरच्या रांगेत, मध्ये चार-पाच फूट अंतर, आणि गप्पा फक्त साध्यासुध्या. ती पाहुण्यांना तसंच बसवते, प्रदर्शनाच्या खोलीलाही तशीच दोन दारं आहेत. आज एक पुरुष कमी पडला, म्हणून तिनं मला ओढलं. समोर ती. बाकीचे हवापाण्यावर बोलताहेत. ती मराठीत म्हणाली, "बोला भाऊ, यंदा पीक कसं?"

भाऊ! माझं डोकंच सटकलं.

"पीक गेलं खड्ड्यात. लग्न करशील माझ्याशी?"

तिच्या शेजारच्या आजींनी कौतुकानं विचारलं, हे काय म्हणाले? तिनं शांतपणे जर्मनमध्ये सांगितलं, बटाटे चांगले आलेत म्हणतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक आजोबा म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर, बटाटा महत्त्वाचाच. मग माझ्याकडे न बघता ती मराठीत म्हणाली, "इथे मी तुझी बहीण आहे. बाहेर येऊन विचार." आणि पाहुण्यांना आपापल्या दारांतून बाहेर काढून स्वतः बायकांच्या दारातून निघून गेली.

मी ताडकन उठलो, खुर्चीला लाथ मारणारच होतो. तेवढ्यात आठवलं, वर्गात मी एकदा स्टूल उलथवलं होतं आणि तुम्ही रंधा न थांबवता म्हणाला होतात, "आधी ते उचल, मग रूस." खुर्ची उचलली, झटकली, खुंटीला टांगली. उलटीच.

पाहुणे गेलेत. ती अंगणात एकटी उभी आहे, खिडकीतून दिसते. खुर्च्या टांगतोय असं तिला खिडकीतून सांगून मी हे लिहीत बसलोय. खरं सांगू? सगळ्या खुर्च्या केव्हाच टांगून झाल्यात. मघाशी रागात विचारता आलं, आता राग उरला नाही आणि पाय लटपटताहेत. शेकर झालोय, बाबा.

हा कागद खिशातच राहील. उठतो. पुरुषांच्या दारातून बाहेर पडतो आणि मागं दार ओढून घेतो.