दगडी कानाशी अर्धा तास

४ एप्रिल
पोचले एकदाची. बसने हाडं खिळखिळी केली, पण थांब्यावर ताई उभी होती आणि तिच्यामागे निम्मं गाव. पाववाल्याने गरम पाव हातात ठेवला, न्हाव्याने बॅग उचलली, पोस्टातल्या बाई तर गळ्यातच पडल्या. अकरा वर्षं ताई या गावाचं कौतुक करायची आणि मी नाक मुरडायचे. आज शब्द मागे घेतले. इथल्या माहिती केंद्रातली नोकरी तिनेच मिळवून दिली. घटस्फोटानंतर मला हात देणारी ती एकटीच. खोली केंद्राच्या वरच आहे, खिडकीतून टेकडी दिसते. मे महिन्यात लेक वसतिगृहातून सुट्टीला येईल, तिचा पलंग कुठे टाकायचा तेही ठरवलं. नऊ वर्षांची झाली तरी एका जागी ठरत नाही, म्हणून तिला भिंगरी म्हणते मी.

७ एप्रिल
पाहण्यासारखं गावात तीनच: तळं, पवनचक्की आणि दगडी कान. टेकडीवर माणसाच्या उंचीचा खडक आहे, त्यात कानासारखी खोल खळगी. गावाचा नेम असा की सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कोणीतरी त्या कानाशी बोलत राहायचं. प्रत्येकाला अर्धा तास. यादी केंद्राच्या दारावर लावलेली असते. पाहुण्यांना याची फार गंमत वाटते, मलाही वाटली.
संध्याकाळी ताईकडे जेवले. भावजी घड्याळं दुरुस्त करतात. माणूस मोठा गोड, पण विसराळू. त्यांनी मला दोनदा नाव विचारलं आणि ताईला एकदा. मी हसले. ताई उठून भांडी आवरायला लागली.

१२ एप्रिल
मलाही सकाळी दहाची वेळ मिळाली. दगडाशी बोलायचं तरी काय? ताई म्हणाली, मनातलं बोल, लहानपणचं बोल, आईबद्दल बोल, हलकं वाटेल. खरंच वाटलं. गावातली माणसं मात्र या बाबतीत अगदीच रुक्ष. न्हावी जुनी वर्तमानपत्रं वाचतो, पोस्टातल्या बाई बसचं वेळापत्रक. मी न्हाव्याला चिडवलं की अहो, बिचाऱ्याला कधीतरी काही चांगलं ऐकवा. तो आपल्या चपलांकडे बघत राहिला.

१९ एप्रिल
यादीत आता मला रोज दोन तास. तुम्ही फार छान बोलता म्हणे. मी फुगले, उगाच खोटं कशाला लिहू? आज भिंगरीच्या जन्माची हकीकत सांगितली. दवाखान्याचा जिना चढतानाच कळा असह्य झाल्या, मी पायरीवरच बसले, आणि डॉक्टर पोचायच्या आत झाडूवाल्या मावशींनी तिला झेललं. सांगताना हसू आवरेना.

२७ एप्रिल
पोस्टात भिंगरीचा फोन आला, गावात फोन तो एकच. जन्माची गोष्ट सांग, असा तिचा हट्ट. प्रत्येक फोनवर असतोच. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. आवाज नीट येत नाही असं सांगून फोन ठेवला. मग खोलीवर येऊन ही वही उघडली. अक्षर माझंच आहे. जिना, पायरी, मावशी, सगळं वाचलं, आणि कोणा परक्या बाईची हकीकत वाचावी तसं वाटलं. आईचा चेहरा आठवून पाहिला. तोही नाही.

२८ एप्रिल
न्हाव्याला दुकानात गाठलं. आधी टाळत होता. मग वस्तरा खाली ठेवून सगळं बोलला. कानाला ऐकवलेलं माणसाजवळ उरत नाही. म्हणून ते छापील कागद वाचतात. पण तेवढ्यावर कानाचं भागेना. हिवाळ्यापासून तो आपणहून घ्यायला लागला, टेकडीजवळच्या घरांतून, आधी भावजींचं. बाहेरच्याचं मिळालं की तो गावाचं परत सोडतो, तेव्हा बाहेरचं माणूस आणायचं ठरलं. सगळ्या गावाने हात वर करून होकार दिला.
नाव ताईने सुचवलं.
तशीच तिच्याकडे गेले. ती कपड्यांच्या घड्या करत होती. नाकारलं नाही, हातही थांबवले नाहीत.
"ते मला ओळखेनासे झाले होते गं," ती म्हणाली. "तुझं काय, तू एकटीच होतीस."
एकटी. भिंगरीचे स्वेटर हिनेच विणले आहेत. नवऱ्याने सोडलं तेव्हा रडले होते, आज रडूही येत नाही, नुसता संताप होतो. परका फसवतो तेव्हा निदान तो परका असतो.

३० एप्रिल
टेकडीवर जात नाही. बस माझ्यासाठी थांबत नाही. हात केला, ड्रायव्हरने हसून हात केला आणि निघून गेला. भिंगरीला पाठवू नका असं वसतिगृहात कळवायचं आहे, तर पोस्टातल्या बाई म्हणतात फोन बंद आहे. अजून तितक्याच गोड बोलतात. भिंगरीबद्दल आता एक अक्षर तोंडातून काढणार नाही. विसरू नये म्हणून सगळं लिहून ठेवलं, सहा पानं. पहिला दात, कपाळावरची खूण, झोपेत बडबडते ते—

३ मे
सहा पानं फाडलेली. खिडकीतून दिसली. ताई, टेकडीवर, हातात कागद. न्हाव्याला विचारलं. माझ्या हातचं लिहिलेलंही चालतं म्हणे. वाचणारा कोणीही असो.

५ मे
भावजी आज रस्त्यात ताईला नावाने हाक मारत होते. ती लाजली. नवी नवरी लाजते तशी— मी बघत उभी राहिले. मला कोणासाठी तरी घाबरायचं होतं. कोणासाठी—

६ मे
दुपार. दारात एक मुलगी. बसमधून उतरली. मला आई म्हणते.
वहीत लिहिलंय मला मुलगी आहे. म्हणजे हीच. गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. लोक ठेवतात तसा.
खाली पोस्टातल्या बाई यादीत काहीतरी लिहिताहेत, माझ्या नावाखाली—
ताई आली. मुलगी मावशी मावशी करत तिला बिलगली.
"चल, तुला टेकडी दाखवते," ताई म्हणाली. "आईबद्दल सगळं सगळं सांगायचं हं तिथे."
नाही. थांबवायला हवं. हाक मारायला हवी— मी हिला काय म्हणून हाक मारते— मागे कुठेतरी लिहिलंय, पानं चिकटली आहेत, सापडत नाही— जिना उतरल्या दोघी— अगं ए, ए मुली—