बघायचे पैसे

रोहा, मंगळवार संध्याकाळ

हमीदभाईंची गाडी मध्येच बंद पडायची. गॅरेजात तीन तास शोधलं तेव्हा सीटखाली उंदराने कुरतडलेली वायर सापडली. जोडायला दोन मिनिटं. शोधायची मजुरी सांगितली तर भडकले. "फोनवर ‘घेऊन या, बघतो’ बोललास. बघायचे कसले पैसे?"

डोकंच फिरलं. पण बोललो होतो खरा. बघतो! मग मागू कुठल्या तोंडाने? फक्त वायर जोडायचे घेतले.

यापुढे बॉनेट उघडायच्या आधीच सांगायचं. कोणीही असो.

आत्ताच नागोठण्याहून एकाचा फोन आला. "घेऊन या, बघ..." जीभ चावली. "फॉल्ट शोधायची मजुरी वेगळी लागेल. चालेल?"

"लागणारच की. हमीदभाई बोलले, तीन तास लागले तरी फॉल्ट सापडल्याशिवाय हा सोडत नाय."