आधी आया उतरवा

मी, जीपारकुल बेक्तेमिरोवा, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार तोक्तोगुल, किर्गिझस्तान. डोकं ठिकाणावर आहे, काळजाचा भरवसा नाही. कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहिते. माझ्या मरणाची वाट न बघता ते आजच सर्वांसमोर वाचावे.

१. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आमच्या चोलपोनताश गावची वेबसाइट आम्ही गावकऱ्यांनीच उभी केली. माणसागणिक एक पान. त्यात फोटो, आवाज, आठवणी. ती सांभाळणारी कंपनी नोरूझच्या सणाला, म्हणजे येत्या एकवीस मार्चला, बंद होते आहे. त्याआधी पानं आपापल्या संगणकावर उतरवून ठेवायचं काम माझा धाकटा भाऊ कुबात याने वाटून दिलं. म्हणाला, "ज्यानं त्यानं आपापले सात बाप उतरवायचे, एजे. सोप्पं!" (थोरल्या बहिणीला आमच्यात एजे म्हणतात.) सात पिढ्यांचे बाप आमच्यात शेंबड्या पोरालाही पाठ. सगळं गाव कामाला लागलं. फत्ते झाली म्हणून कुबातनं मेंढाही कापला.

२. काल मी तपासून पाहिलं. बाप सगळे वाचलेत, आई एकही नाही. सातांच्या ओळीत बाईला जागाच नसते, मग तिचं पान कोण उतरवणार? आमच्या आईच्या पानावर ती गाईला हाक मारते आणि मधेच मला शिवी हासडते. ते मी रडत रडत उतरवून घेतलं. बाकीच्या शेकडो जणींचं काय? एकदा पाण्यात गेल्या, आता पुन्हा बुडवता? मला झोप नाही रे!

३. राहतं घर व शिलाई मशीन माझी मुलगी बूरमा हिला. संगणक गावाला.

४. कुबातला काही नाही. त्याला साक्षीदार केलं आहे, तेवढं पुरे.

५. आयांची पानं उतरल्याशिवाय माझ्या मयताच्या जेवणाला रिवाजाचा घोडा कापू नये. उपाशीपोटी रडा.

६. साक्षीदारांनी सहीसोबत आईचं व आजीचं नाव लिहावं. सात बाप कुणी विचारलेले नाहीत.

तोक्तोगुल, १४ मार्च २०२४
सही: जीपारकुल

साक्षीदार:
१. एर्किनाय, शेजारीण. आई तुर्सुनकान, आजी बाल्दार.
२. कुबात. आई सोनूनबू. आजीला आम्ही आजीच म्हणायचो, नाव ठाऊक नव्हतं. वेबसाइटवर शोधलं. आयमोंचोक. एजे, तिचं पान उतरवलं, मगच ही सही करतोय.